पहिले विमान: रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाची निवड आणि उड्डाण

ज्या व्यासपीठावरून दरवर्षी वेदान्त, अर्थकारण आणि नाट्यकला यांवर व्याख्याने होतात, तेथे खेळण्यातील विमानाला एक संध्याकाळ द्यावी, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांलाही प्रथम संकोच वाटला होता. परंतु विषय हाती घेण्यास तसेच कारण घडले. अलीकडे सुटीच्या दिवशी सकाळी मैदानांवर एक दृश्य वारंवार दिसते. वडील आणि मुलगा, क्वचित आई आणि मुलगी, मोठे खोके घेऊन येतात. खोक्यातून लढाऊ विमानाच्या बांध्याचे, निमुळत्या पंखांचे, चकचकीत विमान निघते. बॅटरी जोडली जाते, विमान हवेत फेकले जाते, ते तिरके वर चढते, एका अंगावर कलते आणि भुईवर आदळते. सारा प्रकार दहाबारा सेकंदांचा. काही हजार रुपये गेले, हे तर झालेच. पण मूल त्यानंतर वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहते आणि हे आपल्याला जमणारे नव्हे अशी खूणगाठ बांधून घरी जाते. हे दुसरे नुकसान आम्हांस अधिक मोठे वाटते, कारण मुलाने काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. ते विमान कोणाही नवशिक्याच्या हातून पडलेच असते.

चूक कोठे होते हे समजावे म्हणून थोडे मागे जाऊ. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलेरी बागेत अल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने एक हलके विमान उडवून दाखविले. त्यात इंजिन नव्हते. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर त्याचा प्रॉपेलर फिरत होता. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले. आजच्या मुलांना यात काय विशेष, असे वाटेल. विशेष हे की, त्या अकरा सेकंदांत त्या विमानाला कोणी हात लावीत नव्हते, दोरीने ओढीत नव्हते, तरी ते कलले की स्वतःच सावरत होते. पेनोने पंखांची टोके किंचित वर वळविली होती आणि मागे एक लहान शेपूट अशा कोनात बसविली होती की विमानाचे नाक वरखाली झाले तर ते आपोआप जागेवर यावे. हा कल्पक माणूस १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निराश होऊन गेला. परंतु त्याच्या रबरी तंत्रावर बनविलेले एक उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी घरी आणले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

राइट बंधूंनी मात्र मोठेपणी निराळी वाट धरली. आपोआप सावरणारे विमान त्यांना नको होते. चालकाने क्षणोक्षणी सांभाळावे, असे विमान त्यांनी जाणूनबुजून बांधले. सायकल जशी स्वाराने तोलून धरावी लागते, तसाच हा प्रकार. त्यांना ते साधले, कारण त्यांनी मेहनत तशी घेतली होती. १९०२ च्या शरद ऋतूत त्यांनी इंजिनाविना, नुसत्या वाऱ्यावर, सातशेहून अधिक उड्डाणे केली. आणि मगच १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाचे विमान हवेत नेले. त्याचे पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. मैदानावरच्या आपल्या पितापुत्रांचे उड्डाणही बारा सेकंदांचेच होते; पण त्यांच्यामागे ती सातशे उड्डाणे नव्हती.

बाजारातील छोट्या विमानांचीही हीच दोन घराणी आहेत असे समजावे. एक पेनोचे, स्वतः सावरणारे. दुसरे राइटांचे, चालकाच्या बोटांवर जगणारे. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती, कसरतीची विमाने, पंख खाली बसविलेली देखणी विमाने ही सारी दुसऱ्या घराण्यातली. पहिले विमान घेणाऱ्याने पेनोच्या घराण्यातच सोयरीक करावी, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे. बाकी सारा त्याचा विस्तार आहे.

ही पेनोच्या कुळातली विमाने ओळखावयाची कशी? दुकानात विमान समोरून पाहावे. पंख धडाच्या वर बसविलेला असावा, आणि त्याची दोन्ही टोके मध्यापेक्षा वर उचललेली असावीत. म्हणजे समोरून अगदी उथळ अशी 'व्ही' दिसावी. या उचलीचे काम पाहण्यासारखे आहे. विमान डावीकडे कलले, की ते डाव्या बाजूस थोडे घसरू लागते. घसरताना खालच्या पंखाला समोरून येणारी हवा अधिक कोनात भेटते, वरच्या पंखाला कमी. साहजिकच खालचा पंख अधिक उचलला जातो आणि विमान सरळ होते. कोणी काही करावे लागत नाही. शेपटीचे काम बाणाच्या पिसांसारखे किंवा देवळाच्या शिखरावरील वातकुक्कुटासारखे आहे. ती जितकी मोठी आणि धडापासून जितकी लांब, तितके विमान शांत.

त्यानंतर वजन. नुसते वजन विचारून उपयोग नाही. ते पंखाच्या किती क्षेत्रफळावर वाटले गेले आहे, हे पाहिले पाहिजे. समजा, पंखाची लांबी १२० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे, आणि उड्डाणाला सज्ज विमान ७०० ग्रॅमचे आहे. म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरला सुमारे २९ ग्रॅम वजन आले. असे विमान ताशी २४ किलोमीटरच्या आसपास वेग असेपर्यंत हवेत तरंगू शकते. त्याखाली गेले की पंख हवेवरची पकड सोडतो. त्याच पंखावर दुप्पट वजन घातले तर हा किमान वेग ताशी ३४ किलोमीटर होतो. म्हणजे उतरतानाही विमान तेवढ्या वेगाने भुईला येणार, आणि विचार करण्यास तितकाच कमी वेळ मिळणार. आमच्या मते नवशिक्याने दर चौरस डेसिमीटरला ४० ग्रॅमच्या वर जाऊ नये. दुकानदाराला हा हिशेब सांगता येत नसेल, तर फूटपट्टी आणि तागडी घेऊन आपणच करावा.

पंख फार लहान असलेले विमान स्वस्त मिळते, म्हणून लोक ते घेतात. हा मोह आवरावा. लहान विमान वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीने उडते, आणि मुख्य म्हणजे दूर गेले की दिसत नाही. १२० सेंटिमीटरचे विमानसुद्धा २०० मीटरांवर गेले, की हात लांब करून धरलेल्या तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे दिसते. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला तेथवर पोहोचण्यास अठरा सेकंद पुरतात. दिसते आहे, पण येते आहे की जाते आहे हे कळत नाही, अशी ती अवस्था. म्हणून रंगही पंखाच्या वर एक आणि खाली दुसरा असावा. पांढऱ्याशुभ्र किंवा आभाळी विमानाच्या वाट्यास जाऊ नये, मग ते कितीही सुरेख दिसो.

पूर्वी ही विमाने बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची करीत. आम्हांला त्या लाकडाविषयी प्रेम आहे; पण पहिल्या विमानासाठी फोमच बरा. त्यातही ठिसूळ थर्मोकोलपेक्षा लवचीक फोम मिळाला तर घ्यावा. तो वाकतो, मोडत नाही. थर्मोकोलचे असेल तर एक लक्षात ठेवावे: फेविक्विकसारखा झटपट डिंक थर्मोकोलला जोडण्याऐवजी विरघळवितो. साधी चिकटपट्टी पुष्कळ काम भागविते. मोटर विजेची असावी, आणि प्रॉपेलर शक्यतो मागे वा पंखाच्या वर बसविलेला, म्हणजे नाकावर पडले तरी तो वाचतो.

आता हातातल्या पेटीकडे, म्हणजे ट्रान्समीटरकडे वळू. रेडिओच्या लहरींनी दूरची वस्तू हाकण्याची कल्पना नवी नव्हे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात लहान होडी अशीच चालवून दाखविली होती. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास यश मिळविले. त्यांचे विमान आज तेथील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतर कित्येक वर्षे हौशी लोकांची एक अडचण होती. मैदानावर दोघांच्या पेट्या एकाच लहरीवर असल्या, तर एकाने पेटी सुरू करताच दुसऱ्याचे विमान कोसळे. आता २.४ गिगाहर्ट्झच्या पेट्या एकमेकींच्या वाटेतून आपण होऊन बाजूस होतात. भारतात या लहरींसाठी २००५ पासून वेगळा परवाना लागत नाही. तेव्हा पेटी त्याच प्रकारची घ्यावी.

पेटीवर दोन दांड्या असतात. विमानाच्या एकेका हालचालीला एक 'चॅनेल' लागते. आरंभाला तीन पुरतात: मोटरीचा जोर, नाक वरखाली करणारा एलिव्हेटर, आणि डावीउजवीकडे वळविणारे सुकाणू. पंखांना उचल असल्यामुळे नुसत्या सुकाणूनेही विमान कलते आणि वळते. पंखांवरच्या एलेरॉनचे चौथे चॅनेल नंतर शिकावे. मोटरीची दांडी कोणाच्या पेटीत डावीकडे असते, कोणाच्या उजवीकडे. जो शिकविणार त्याच्याप्रमाणे आपली असावी. हल्ली काही विमानांत जायरो बसविलेला असतो आणि तो विमान सावरून धरतो. तो वाईट नाही. पण ज्याच्या बांध्यातच स्थैर्य नाही, अशा विमानाला जायरोच्या भरवशावर घेणे म्हणजे पोहता येत नसताना भोपळ्याच्या भरवशावर पुरात उतरणे होय.

विमान घरी आले, की उडविण्याआधी एक परीक्षा अवश्य घ्यावी. पतंगाची कन्नी चुकीच्या जागी बांधली तर पतंग गटांगळ्या खातो, हे येथे बसलेल्या बहुतेकांनी लहानपणी अनुभवले असेल. विमानाची कन्नी म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य. बॅटरी आत ठेवून विमान दोन्ही पंखांखाली एकेका बोटावर तोलावे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात बोटे असताना ते आडवे राहिले पाहिजे. २० सेंटिमीटर रुंद पंखात ही जागा पुढून ५ ते ६॥ सेंटिमीटरांवर येते. नाक थोडे जड असेल तर विमान आळशी उडेल. शेपूट जड असेल तर ते एकदाच उडेल. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमचे पहिले विमान, बॅटरी नीट बसेना म्हणून आम्ही ती दोन बोटे मागे सरकविल्यामुळे, मागच्या मागे उलटून बाभळीवर गेले, आणि ते काढताना आमचा सदराही गेला.

बॅटरीविषयी दोन शब्द गंभीरपणे सांगावयाचे आहेत. या विमानांतील लिथियम-पॉलिमर बॅटरी फार हलकी आणि फार जोरकस असते, आणि बिघडली तर पेट घेते. तिच्या एका घराचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३ च्या खाली कधी जाऊ देऊ नये, ३.५ च्या आसपास विमान उतरवावे. तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा, फरशीवर ठेवून भरावी, आणि भरत असता घर सोडून जाऊ नये. आठवडाभर उडवावयाचे नसेल तर अर्धवट, म्हणजे ३.८ व्होल्टच्या सुमारास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. आणि वैशाखात स्कूटरच्या डिकीत ती विसरू नये. प्रॉपेलरचीही तीच कथा. आठ इंची प्रॉपेलर मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे ३४५ किलोमीटर वेगाने जात असते. बॅटरी जोडलेल्या विमानाच्या प्रॉपेलरसमोर बोट नेऊ नये, मोटर बंद दिसत असली तरी.

मग जागा. शहरातले मैदान बहुधा नकोच. सुगी झाल्यावरचे मोकळे रान, मालकाला विचारून, हे सर्वांत उत्तम. विजेच्या तारा, रस्ता आणि गुरे जवळ नसावीत. तारेवर विमान अडकले तर ते गेले असे समजावे, काठीने काढू जाऊ नये. कायदाही पाहिला पाहिजे. 'ड्रोन नियम, २०२१' या नावावरून ते फक्त चार पंख्यांच्या यंत्रांना लागू आहेत असे अनेकांना वाटते. पण पंखांचे विमानही त्यांत येते. त्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे विभाग केले. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ परवानगीवाचून उडवूच नये. पुण्याचा लोहगाव, नाशिकजवळचे ओझर, नागपूरचे सोनेगाव, कोल्हापूरचे उजळाईवाडी यांच्या आसपास राहणाऱ्यांनी सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये. करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडविलेल्या लहान विमानाला हे नियम एरवी बरेच उदार आहेत.

वेळ पहाटेनंतरची पहिली दीड-दोन तासांची. देशावर ऊन तापले की जमिनीवरून हवेचे लोट उठतात; घारी पंख न हलविता वर चढू लागल्या म्हणजे ते ओळखावे. कोकणपट्टीत दुपारकडे समुद्राचा वारा सुटतो. झाडाची पाने नुसती सळसळत असतील तोवर ठीक. फांद्या हलू लागल्या तर विमान पेटीतच ठेवावे. संक्रांतीच्या दिवसांत तर आकाश मांज्याचे असते.

रानात गेल्यावर आधी पेटी सुरू करावी, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना उलट. सुकाणू आणि एलिव्हेटर योग्य दिशेला हलतात ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे. मग तीसचाळीस पावले दूर जाऊन, पेटीत कमी शक्तीची सोय असल्यास ती वापरून, हुकूम पोहोचतो का हे तपासावे. सूर्य पाठीशी घ्यावा. मोटर पुऱ्या जोरात ठेवून विमान वाऱ्याच्या तोंडावर, आडवे, भाला फेकावा तसे पण हळुवार सोडावे. पहिल्या वेळी सोडणारा एक आणि दांड्या धरणारा दुसरा असावा. तो दुसरा जाणता असेल तर फार चांगले. दोन पेट्या एकमेकींना जोडून शिक्षकाला हवे तेव्हा विमान आपल्याकडे घेता येते, अशीही सोय असते. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुदल शाखेत छोटी विमाने बनविण्याचे आणि उडविण्याचे शिक्षण देतात. तेथून शिकून आलेला एखादा तरुण गावात बहुधा सापडतो. कोणीच नसेल, तर संगणकावरच्या अभ्यास-विमानावर आठदहा तास घालवावेत. तेथे पडलेले विमान फुकट उभे राहते.

वर गेल्यावर घाई करू नये. तीन चुका पोटात घेईल इतकी उंची, म्हणजे चाळीसपन्नास मीटर, गाठावी; मोटर अर्ध्यावर आणावी आणि दांड्या सोडून द्याव्यात. होय, सोडून द्याव्यात. विमान पेनोच्या कुळातले असेल तर ते आपले आपण उडत राहील. सायकल शिकणारे मूल हँडल घट्ट धरून ठेवते आणि म्हणूनच पडते. येथेही विमाने बहुतेक वेळा हुकूम कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने पडतात. वळावयाचे असेल तर दांडीला नुसता स्पर्श करावा, विमान वळू लागले की सोडावी.

दोन गोष्टी मात्र बुद्धीने पक्क्या कराव्या लागतात, कारण अंगची सवय त्यांच्या विरुद्ध असते. पहिली अशी की, वर जाण्यासाठी एलिव्हेटर ओढावयाचा नसतो. चढविते ती मोटर. एलिव्हेटरने वेग ठरतो. विमान मंदावून खाली येऊ लागले की नवशिका घाबरून दांडी मागे ओढतो, नाक वर होते, वेग आणखी घटतो, आणि पंख पकड सोडून विमान दगडासारखे येते. तेव्हा हात उलट गेला पाहिजे: दांडी किंचित पुढे, मोटरीला जोर. दुसरी गोष्ट दिशेची. विमान आपल्यापासून दूर जात असता डावे ते डावे असते. ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डाव्याचे उजवे होते. येथे बहुतेक विमाने मरतात. यावर उपाय सोपा आहे. आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी. पडत्या भिंतीला टेकू लावावा तसा त्या पंखाखाली दांडीचा टेकू लावावयाचा, एवढे मनाशी म्हणत राहिले की डोके गोंधळत नाही.

विमान नेहमी स्वतःच्या पुढे, वाऱ्याच्या येत्या बाजूस ठेवावे. वाऱ्याबरोबर मागे वाहत गेलेले विमान परत आणणे नवशिक्याला जमत नाही. पाचसहा मिनिटांनी उतरवावे. दुरून, वाऱ्याच्या तोंडावर, मोटर हळूहळू कमी करीत त्याला आपल्या समोरच्या गवतात येऊ द्यावे, आणि जमीन हातभर राहिली की मोटर बंद करावी. आपल्या पायाशी उतरविण्याचा हट्ट धरू नये. चालत जाऊन आणावे.

ते पडेलच. पहिल्या महिन्यात दोनचार वेळा पडणे हा हिशेबातलाच खर्च आहे. म्हणून विमानाबरोबर दोन जादा प्रॉपेलर आणि चिकटपट्टीचे एक भेंडोळे घेतले पाहिजे. मुलाच्या हातून पडले तर त्याला आधी एकच विचारावे, पडण्यापूर्वी कोणती दांडी कोणीकडे होती? बहुतेक वेळा त्याला ते आठवते, आणि पुढच्या रविवारी ती चूक होत नाही.

आणि पंखाच्या आतल्या बाजूस आपले नाव व दूरध्वनीचा क्रमांक लिहून ठेवावा. आमचे एक विमान असेच वाऱ्याबरोबर टेकडीपलीकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी एका गुराख्याचा निरोप आला, की पाखरू सापडले आहे, शेपूट तेवढी शेळीने खाल्ली.